अर्धी सावड

शहापूर
१७ ऑक्टोबर २०२४

सकू,

आशीर्वाद पत्राच्या शेवटी, उरले तर. आधी उत्तर दे. गुडघा सोमवारी गेला आणि मला गुरुवारी कळतं, तेही भाजीच्या टेम्पोवाल्याकडून? रविंद्र बाजारात कोथिंबिरीची जुडी हातात देता देता म्हणाला, "तुमची भावजय खाटेवर पडलीय ना." मी जुडी परत ठेवली. अनंताला फोन लावला, तर माझा सख्खा धाकटा भाऊ म्हणतो, "थोडं मुरगळलंय, ताय," आणि रेंज गेली. तुमच्या खैरवाडीची रेंज नेमकी खरं बोलायच्या वेळेला जाते.

म्हणून हे पत्र. बत्तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कानाला यंत्र लावून मी लोकांचं खोटं ऐकलं आहे. फोनवर माणूस "बरी आहे" म्हणून मोकळा होतो. कागदावर खोटं लिहायला वेळ लागतो, आणि तेवढ्यात लाज वाटायची शक्यता असते. तू चौथी शिकली आहेस, तुझं अक्षर माझ्या भावापेक्षा बरं आहे. रविंद्र मंगळवारी, गुरुवारी, शनिवारी मुरबाडहून इकडे येतो. त्याच्या हाती उत्तर दे.

मुरबाडच्या डॉक्टरांचा कागद त्याने मला मोबाइलवर दाखवला. लिगामेंट अर्धवट फाटलं आहे. "थोडं मुरगळलंय" असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही. सहा आठवडे पट्टा. उकिडवं बसायचं नाही, मांडी घालायची नाही, ओझं उचलायचं नाही. म्हणजे तू दिवसभर जे जे करतेस ते काहीही करायचं नाही.

सोबत एक काठी आणि एक खुर्ची पाठवते आहे. खुर्ची कशासाठी ते तिच्याकडे बघून कळेल.

योगिनी

* * *

खैरवाडी
१९ ऑक्टोबर

ताई, नमस्कार.

रागावू नका. गुडघा मोडला नाय, फिरला. शेवटचा भारा डोक्यावर होता. बांधावरनं खाली पाय टाकला तर चिखल, पाय तिथंच रुतला आन बाकीची मी पुढं गेली. आवाज आला, वाळलं लाकूड मोडतं तसा. मला वाटलं भाऱ्याची दोरी तुटली.

भारा मातर पडू दिला नाय.

काठी चांगली हाय. खुर्ची तर पाड्यात सगळ्यांना आवडली. मधे गोल भोक हाय, त्यात आपली पाण्याची कळशी बरोबर बसते, जराबी हलत नाय. यांनी ओटीवर ठेवलीय. आल्यागेल्याला वाकावं लागत नाय. काशी इचारत होती, अशी अजून एक मिळंल काय.

स्वयंपाक हे करतात. पहिल्या दिवशी भाकरी केली ती कुत्र्यानं उचलून नेली आन परत आणून ठेवली. आता बरं जमतंय. मी खाटेवरनं सांगते, हे चुलीपाशी बसून करतात, आन दोघंबी ओरडतो.

काळजी एकच हाय. आमच्या पाड्यात कापणीला मजूर नाय लावत, सावड असते. तुमी आमच्या शेतात या, आमी तुमच्या शेतात येऊ. आपलं भात हळवं, लवकर पिकतं, म्हणून सगळ्या पहिल्यानं आपल्याकडं आल्या. रंगू दोन दिस आली, काशी एक दिस, सारिका एक दिस. आपलं सगळं कापून झालं आन शेवटच्या भाऱ्याला मी पडली. आता तेंचं गरवं, उशिराचं भात, पिकायला आलंय. रंगूच्या खालच्या तुकड्यात तर लोंब्यांनी माना टाकल्यात, बांधाकडची ओळ आडवी झाली. तेंचे चार दिस निघतात माझ्याकडं, आन मी अशी.

मी खाटेवरच असते. उठत नाय.

सकू

* * *

शहापूर
२४ ऑक्टोबर

सकू,

ती संडासची खुर्ची आहे.

हे वाक्य मी एकदाच लिहिते आहे. काशीला वाच म्हणावं. आणि तीत बसवलेल्या कळशीतलं पाणी तुम्ही आठवडाभर आल्यागेल्याला पाजलंत, हे मला या जन्मात कोणाला सांगता येणार नाही. खुर्ची नवी कोरी होती, एवढंच देवाचे आभार मानायला पुरे. ती आत न्या. तू तीवर बस. कळशी जमिनीवर ठेवा.

आता दुसरं. तू खाटेवरच असतेस ना? उठत नाहीस? मग रंगूच्या खालच्या तुकड्यातली बांधाकडची ओळ आडवी झाल्याचं तुला कसं दिसलं? तुमच्या खिडकीतून गोठा दिसतो. मी त्याच घरात जन्मले आहे, सकू. माझा जन्म झाला तेव्हाही तिथून गोठाच दिसत होता. कल्याणच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर अगाथा म्हणायच्या, खोटं बोलणाऱ्या मुलीचा तपशील नेहमी फार चांगला असतो.

कुठे गेली होतीस आणि कशी गेलीस, ते लिही.

तुमच्या त्या सावडीचा प्रश्न मी सोडवला आहे. चार दिवसांचं काम आहे, म्हणजे दोन बायकांचे दोन दिवस. इथल्या नाक्यावरच्या दोघी कापणीला जातात, चांगल्या तरबेज आहेत. शनिवारी रविंद्रच्या टेम्पोतून येतील. त्यांचं काय द्यायचं ते मी दिलं आहे, तुम्ही कोणी त्यात पडू नका. एवढ्याशा गोष्टीसाठी तू गुडघा वेठीला धरतेस, याचंच मला आश्चर्य वाटतं.

योगिनी

* * *

खैरवाडी
२९ ऑक्टोबर

ताई,

तुमच्या दोन बायका शनिवारी आल्या. चांगल्या होत्या बिचाऱ्या. रंगूच्या शेतावर जाऊन उभ्या राहिल्या, म्हणाल्या, सकूबायच्या बदल्यात आलोय. रंगूनं तेंना घरी नेलं, भाकरी आन सुक्या बोंबलाची चटणी वाढली, दोघींना दोन-दोन काकड्या दिल्या आन संध्याकाळच्या गाडीनं परत लावून दिल्या. विळ्याला हात लावू दिला नाय.

मग माझ्याकडं आली. ओटीवर बसली नाय, उभ्यानंच बोलली.

"सकू, मी तुझ्या शेतात मजुरी करत होती काय?"

मी म्हटलं, "नाय गो."

"मंग मला मजूर कशाला दाखवतेस? तुझ्याकडं आली तवा माझा नातू तापानं फणफणला होता. नातवाला मांडीवरनं उतरवून आली. ती काय नाक्यावरची म्हणून?"

ताईंनी पाठवल्या असं मी नाय सांगितलं. तुमचं नाव कशाला खराब करू.

ताई, सावडीला घरचीच बाय लागते. बायच्या बदल्यात बाय, बाप्याच्या बदल्यात बाप्या. हे जाऊन उपयोग नाय, यांची झोडणीची सावड वेगळी चालते. आपला पोर भावेश तिकडं चाकणला गाडीवर, तेचं लगीन अजून नाय. घरात दुसरी बाय नाय. तेंचं चुकत नाय, अशीच रीत हाय. मी दोन वर्षांमागं काशीला म्हटलंय, सुनेला आता माहेरी पाठवू नको, सावड कोण देईल. आता तेच माझ्या तोंडावर आलं.

तुमी इचारलंत म्हणून सांगते. गेली होती. पट्टा बांधून, काठी घेऊन, हे दळण आणायला गेले तवा. रंगूच्या बांधावर बसून सरकत सरकत कापत होती. उकिडवं नाय बसली, डॉक्टरांचं ऐकलं. चार मुठी कापल्या. मग उठता येईना. रंगूनंच धरून घरी आणलं आन सगळ्या वाटेनं शिव्या दिल्या. गुडघा दुधी भोपळ्यासारखा झाला. डॉक्टर म्हणाले, पुन्हा असं केलंत तर ऑपरेशन, आन मग जन्मभर उकिडवं बसणं इसरा.

पण ताई, दिवाळी झाली की तेंची कापणी लागणार. भात कोणासाठी थांबत नाय, दाणा गळतो. मी पट्टा घट्ट बांधून जाणार. नाय गेली तर पुढल्या साली माझ्या शेतात कोण येईल? आन आल्या तरी मी मान कशी वर करू? गुडघा माझा हाय, गेला तर गेला.

सकू

* * *

शहापूर
३१ ऑक्टोबर

सकू,

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा मजूर पाठवल्याची लाज वाटली. दुसऱ्यांदा तुझा राग आला. तिसऱ्यांदा एका वाक्यापाशी थांबले. "घरात दुसरी बाय नाय."

मी कोण आहे?

मला सहा वर्षांची असताना मावशीकडे कल्याणला ठेवलं, कारण मावशीच्या घराशेजारी कॉन्व्हेंट होतं. तिथे मी काट्याचमच्याने जेवायला शिकले आणि पुढे इंग्रजीत "होल्ड द लाइन प्लीज" म्हणून पोट भरलं. लग्न करून दुसऱ्या कुणाच्या घरात गेले नाही. मग मी कोणत्या घरची बाई? शहापूर एक्स्चेंजची? ते बंद होऊन किती वर्षं झाली!

येत्या रविवारी भाऊबीज आहे. मी सकाळी रविंद्रचा टेम्पो सांगितला आहे, मागे गादी घातलेली. त्यात तू आणि अनंता शहापूरला याल. ओवाळणं माझ्या घरात होईल. मग तू इथे राहशील आणि मी त्याच टेम्पोतून अनंताबरोबर खैरवाडीला जाईन. माझ्या घरात पलंग आहे, कमोड आहे, उभ्याने करायचा ओटा आहे. काजल नावाची फिजिओथेरपी शिकलेली मुलगी दोन गल्ल्या सोडून राहते, ती रोज येऊन व्यायाम करून घेईल.

घर दुसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही. चढवायला रविंद्र आणि अनंता आहेत.

विळा मी शेवटचा कधी धरला, असं विचारू नकोस. कधीच नाही. पण बत्तीस वर्षं एका वेळी चाळीस लाइनी सांभाळल्या. भाताच्या ओळी हलत तरी नाहीत.

अनंता हसला तर त्याला सांग, ओवाळताना पाठीत काठी बसेल.

योगिनी

* * *

शहापूर
७ नोव्हेंबर

ताई,

तुमच्या घरात बसून तुमालाच पत्र लिहिते, मजा वाटते.

तुमी निघालात तवा मी खिडकीतनं पाहत होती. टेम्पोत पुढं बसलात, हातात पाण्याची बाटली, डोक्यावर ती मोठी टोपी. हे मागं गादीवर. मला वाटलं, कलेक्टर निघालाय आन मागं कैदी.

चौतीस पायऱ्या हायत, मोजल्या. मला खुर्चीवर बसवून वर आणलं. रविंद्र म्हणाला, भाजीपेक्षा जड नाय. पण सतराव्या पायरीला वळण हाय, तिथं खुर्ची तिरकी झाली, आन मी खाली पाहिलं. डोळे मिटले ते वर येऊनच उघडले.

काजल रोज येते. लहानशी हाय, पण काय दरारा! टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली घालून दाबायला लावते आन दहा आकडे मोजायला सांगते. मी लवकर लवकर मोजते तर म्हणते, "मावशी, लोकल पकडायची आहे का?" पाय सरळ ठेवून वर उचलायचा, तो पहिल्या दिवशी उचललाच नाय. दुसऱ्या दिवशी चार बोटं. आज वीतभर.

तुमच्या स्वयंपाकघरात काय काय नाय ते सांगू काय? पाटा नाय, विळी नाय, मिरचीचा खर्डा करायला खलबत्ता नाय. चहाच्या गाळण्या मातर तीन. समोरच्या दारात एक आजीबाय राहतात, म्हणाल्या, अकरा वर्षं झाली, योगिनीबाई जिन्यात गुड मॉर्निंग म्हणतात, पण कधी दार उघडं दिसलं नाय. मी आता उघडंच ठेवते, पलंगावरनं जिना दिसतो. काल आजीबाईंनी खलबत्ता आणून दिला. खालच्या मजल्यावरच्या सुनेनं भेंडी दिली. तुमच्या घरात पाच बायका बसून बोलत होत्या. तुमी आल्यावर ओरडाल म्हणून आधीच सांगते.

विळा धरताना अंगठा वर ठेवू नका, कापला जातो. मूठ मोठी घेऊ नका. रंगूला उलट बोलू नका.

सकू

* * *

खैरवाडी
१२ नोव्हेंबर

सकू,

अर्धी!

मला अर्धी धरली! मी, योगिनी, जिने एका रात्रीत पुराच्या वेळी अख्ख्या तालुक्याचे फोन जोडून दिले, ती रंगूच्या मते अर्धी बाई आहे.

क्रमाने सांगते. बुधवारी सकाळी सात वाजता मी तयार होते. पूर्ण बाह्यांचा सदरा, हातमोजे, पळायचे बूट. टोपी तू पाहिलीच आहेस. रंगू, काशी, सारिका तिघी बांधावर. काशीने तोंडात पदर घातला. रंगू मात्र हसली नाही. माझ्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाली, "टेलिफोनबाय, मधमाश्या काढायला चाललीस काय?"

मी म्हटलं, "सकूच्या सावडीला आले आहे. मी अनंताची सख्खी बहीण, या घरची बाई आहे."

"ते ठाव हाय. तुझी नाळ इथंच पुरलीय, माझ्या सासूनं पाहिलंय. घरची तर हायसच. बाय किती हायस ते बघू."

तर घरची आहे, यावर वादच नव्हता. मी आठवडाभर मनातल्या मनात भाषणं तयार केली होती, ती सगळी वाया गेली.

मग कापणी. सकू, हे काम कोणी शोधून काढलं? कमरेतून वाकायचं, मूठ धरायची, विळा स्वतःकडे ओढायचा, आणि असं सूर्य डोक्यावर येईपर्यंत. त्या तिघी बोलत बोलत पुढे गेल्या. मी एकटी मागे, माझ्यामागे नुसती उंच उंच धाटं उभी. रंगू परत आली, माझी ओळ पाहिली. "गो बाय, तू भात कापतेस काय केस? बुडातनं काप. एवढा पेंढा शेतातच ठेवलास तर बैलानं काय खायचं?"

दुपारी हातमोजे फेकले. तळहाताला चार फोड आले. मीठ-भाकरी इतकी गोड लागते हे मला सदुसष्टाव्या वर्षी कळलं.

संध्याकाळी निकाल. "अर्धी धरते," रंगू म्हणाली. "नव्या सुनेला पण अर्धीच धरतात. चार दिसांचे आठ कर."

मी म्हटलं, हा अन्याय आहे. ती म्हणाली, "मंग जा घरी." मी म्हटलं, "उद्या किती वाजता?"

आज चार अर्धे झाले, म्हणजे दोन. काल सारिकाच्या शेतात त्यांनी मला विचारलं, एक्स्चेंजमध्ये लोकांचं बोलणं ऐकू यायचं का? मी म्हटलं, आम्हाला तशी मनाई होती. रंगू म्हणाली, "मनाई होती ते नाय इचारलं." मग मी एक किस्सा सांगितला, नावं बदलून. मग आणखी एक. पाहिलं तर तिघींचे विळे थांबलेले आणि सारिका ओळीत बसून हसते आहे. रंगूने जाहीर केलं, यापुढे गोष्टी फक्त भाकरी खाताना.

तू माझ्या घरात पाच बायका बसवल्यास त्याबद्दल मी सध्या काही बोलत नाही. इथे रात्री ओटीवर सात असतात.

अनंताची भाकरी आता कुत्रा खातो.

योगिनी

* * *

शहापूर
१६ नोव्हेंबर

ताई,

तुमचं पत्र आजीबाईंना वाचून दाखवलं. तेंनी दोनदा वाचायला लावलं.

गुडघा आता बराच वाकतो. सूज उतरली. घरात काठीशिवाय चालते. काजल म्हणते, मावशी, आता जिना. उतरून चढून दाखवा, मगच गावी सोडते, कारण तुमच्याकडं बांध हायत, ओटीला उंच पायऱ्या हायत, तिथं तुमाला कोण खुर्चीवर उचलणार?

ताई, तुमाला खोटं लिहिलेलं कळतं, म्हणून खरंच लिहिते. मी जिन्यापाशी जाते आन परत येते. गेले तीन दिस तेच. काजल एक पायरी खाली उभी राहते, हात पुढं करते, आन मला तो आवाज ऐकू येतो, लाकूड मोडल्यासारखा. पाय पुढं जात नाय. काल काजलला सांगितलं, डोकं दुखतंय. तिनंबी ओळखलं.

डोक्यावर भारा घेऊन मी जन्मभर बांध उतरली. आता रिकाम्या हातानं एक पायरी उतरत नाय. हसू नका. मी इथंच बसून राहिली तर? घर काय वाईट नाय तुमचं, दारातनं सगळे दिसतात. पण मला घरी जायचंय.

तुमचे फोड बरे झाले काय? रात्री खोबरेल लावा.

सकू

* * *

खैरवाडी
२३ नोव्हेंबर

सकू,

हसले नाही.

आधी बातमी. काल आठवा दिवस, रंगूचा खालचा तुकडा. मी टोपी घरी ठेवली आणि तुझं जुनं लुगडं काशीकडून कासोटा मारून नेसवून घेतलं. सकाळपासून तोंड उघडलं नाही. दुपारनंतर पाहिलं तर माझ्या डाव्या हाताला सारिका होती, आणि ती माझ्या मागे होती. एक हातभर मागे, पण मागे. मी विळा ओढत राहिले. सिस्टर अगाथांना माझा अभिमान वाटला असता.

संध्याकाळी रंगूने माझी ओळ पाहिली. बसून, हाताने धाटं चाचपून पाहिली. बुडातून कापलेली होती.

"आजची पुरी," ती म्हणाली.

मी तिथेच हिशोब केला, सात अर्धे साडेतीन, आणि आजचा पूर्ण एक. साडेचार. तुझ्याकडे निघत होते चार. "म्हणजे माझी अर्धी सावड तुझ्याकडे निघते," मी रंगूला म्हटलं.

काशी म्हणाली, "जाऊ दे गो ताई, अर्ध्याचं काय एवढं."

मी म्हटलं, जाऊ देणार नाही. आठ दिवस मला अर्धी अर्धी म्हणून चिडवलंत, आता अर्ध्याचं काय एवढं? रंगूने माझ्याकडे पाहिलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसली. "बरोबर बोलतेय. मी कुणाचं ठेवत नाय. पण तुला शेत कुठं हाय? काय कापू तुझ्याकडं?"

मी म्हटलं, तेही सांगते.

चार दिवस फिटले, सकू. तिन्ही घरचे. त्यांच्या तोंडून वदवून घेतलं आहे. आता तुझा गुडघा कोणाकडे गहाण नाही. मंगळवारी सकाळी आठच्या आत आंघोळ करून, पट्टा बांधून तयार राहा. पायात चप्पल मागे पट्टा असलेली घाल.

आणि डोकं दुखायचं नाही.

योगिनी

* * *

शहापूर
२६ नोव्हेंबर

ताई,

हे पत्र रंगूच्याच हाती देते, ती संध्याकाळच्या गाडीनं येते.

आठ वाजता दारात उभी. नवं लुगडं, काखेत पिशवी. आत आली नाय. म्हणाली, "अर्ध्या दिसाची बाय हाय मी. आठला धरली, बाराला सुटणार. चल, उतर."

मी म्हटलं, "आधी चहा तरी घे."

"चहा तुझ्या दिसात पी. हा माझा दिस हाय."

काजल पण आली होती. तिनं सांगितलं, उतरताना दुखरा पाय आधी, चढताना चांगला पाय आधी. रंगू माझ्याखाली दोन पायऱ्यांवर उभी राहिली, पाठ करून नाय, माझ्याकडं तोंड करून, उलटी. "पडलीस तर माझ्यावर पड. मी मऊ हाय." मी म्हटलं, दोघी पडू. ती म्हणाली, "मंग दोघी सहा आठवडे ताईच्या पलंगावर. तू भिंतीकडं, मी बाहेर."

मला हसू आलं, आन हसता हसता पाय खाली गेला. आवाज नाय आला, ताई. नुसता चपलेचा आला.

सतराव्या पायरीवर वळणाला परत थांबली. वरनं आजीबाय, खालनं ती भेंडीवाली सून, सगळ्या जिन्यात. रंगू मोठ्यानं म्हणाली, "सकू, माझा नातू ताप उतरल्यावर दुसऱ्या दिशी झाडावर चढला. तुझ्या अंगात तेवढं पण नाय काय?" मग उतरली. चौतीसच्या चौतीस. खाली जमिनीवर पाय टेकला तवा मी रडली, आन रंगू म्हणाली, "रडायचं पण माझ्याच वेळात?"

मग बाजारात गेलो. हळूहळू, काठी घेऊन. रंगूनं तिच्या सुनेला बांगड्या घेतल्या, मी भावेशला टॉवेल घेतला. बाकड्यावर बसून वडापाव खाल्ला. दीड महिन्यानंतर मी रस्त्यावरनं माणसासारखी चालली.

परत आलो, चढायला लागलो. चढणं सोपं वाटलं, चांगला पाय पुढं. सतराव्या पायरीवर आलो आन शेजारच्या शाळेची घंटा झाली. रंगू तिथंच पायरीवर बसली.

"बारा."

मी म्हटलं, "मंग?"

"मंग काय? माझी सावड संपली. म्होरल्या सतरा तुझ्या तू चढ."

"आन नाय चढली तर?"

"तर मी चढवते. पण मंग माझी पाव सावड तुमच्याकडं निघंल."

ताई, खरं सांगते, मी एकटी चढू शकत होती. कठडा होता, काजल मागं होती, गुडघा दुखत नव्हता. पण मनात आलं, तुमी सगळं फेडून टाकलंत, तिनंबी फेडून टाकलं, कोणाचं कोणाकडं काय उरलं नाय, तर उद्यापासून रंगू काय म्हणून ओटीवर येऊन भांडायची?

मी हात पुढं केला. म्हटलं, "चढव."

तिनं चढवलं. वर येऊन मग चहा प्यायली, दोन कप, आन तुमच्या तीन गाळण्यांना नावं ठेवली.

काजल म्हणते, रविवारी गावी जा. पण विळा अजून दोन आठवडे धरायचा नाय, डॉक्टरांनीबी तेच सांगितलंय. रंगू म्हणते, तिचा वरचा तुकडा अजून उभा हाय, शुक्रवारी लावणार. पाव दिस लागतो म्हणजे सकाळची न्याहारी होईपर्यंत. कोणी जायचं ते मी नाय लिहीत.

सकू